फुटाण्याचा आवाज

“आजपासून या शाळेच्या आवारात चिप्स समाप्त. ही सूचना नव्हे, आरोग्याच्या स्वराज्याचा शंखनाद समजा,” असं शाळा समितीचे अध्यक्ष हौशीरामनाना तिसऱ्यांदा म्हणाले आणि पहिलीचा वर्ग तिसऱ्यांदा उठून उभा राहिला. गेल्या दिवाळीपासून नानांच्या ‘स’मध्ये शिट्टी शिरली होती, आणि शिट्टी वाजली की उभं राहायचं, एवढं पहिलीला पक्कं शिकवलेलं होतं. अश्विनीबाईंनी त्यांना पुन्हा खाली बसवलं.

फुटाणेवाली जोहराबी हसली नाही. तिचं लक्ष खिडकीकडं होतं. आहुपे घाटाच्या वाटेवरची ही शाळा. श्रावणात इथं ढग न विचारता वर्गात येतात. आत्ताही एक आला होता आणि फळ्यापाशी रेंगाळत होता. फुटाणे डब्यात बंद होते तोवर तिला घोर नव्हता. पण अश्विनीबाईंनी हौसेनं ते परातीत ओतले, भोवती झेंडू मांडला, आणि मग नाना भाषणाला उभे राहिले. त्याला आता पाऊण तास झाला होता.

“बाई, परात झाकू का जरा?” तिनं हळूच विचारलं. फोटो काढायचाय, असू दे, असं बाई म्हणाल्या.

तिनं कडेचा एक फुटाणा उचलून तोंडात टाकला. आवाज नाही. दुसरा टाकला. तोही गप. सगळे सादळले होते.

घोडेगावातली भट्टी तिच्या सासऱ्यांनी, पीरमहंमदांनी घातलेली. आता ती नागपंचमीला पेटायची, जत्रेला पेटायची, एरवी तिच्यावर मांजर झोपायचं. मुलानं, शाहनवाजनं, मोबाईलच्या दुकानासाठी त्या जागेचं माप घेऊन ठेवलं होतं. आजची परीक्षा पास झाली तर या शाळेला आणि आसपासच्या आणखी पाच शाळांना रोज फुटाणे द्यायचे, असं ठरलं होतं. म्हणजे भट्टी रोज पेटणार. नाहीतर सोमवारी गवंडी येणार.

परीक्षेची अट संपतनं घातली होती. शाळेच्या फाटकासमोर त्याची टपरी. चिप्सच्या पुड्यांच्या माळा तिला तोरणासारख्या लटकत असत, आणि घाटाच्या हवेनं त्या पुड्या अशा फुगत की संपतही त्यांच्यापुढं बारीक दिसे.

“चाची, फुटाणं पौष्टिक हाय, न्हाई कोण म्हनतंय?” तो म्हणाला होता. “पन पोरं पौष्टिक खात न्हाईत, आवाज खात्यात. नानांनी दोन्ही खावं. मागच्या रांगंला ज्याचा आवाज जाईल, त्याचं खरं. तुमचा गेला तर मी माळा उतरवतो.”

नानांना ही अट फार शास्त्रीय वाटली होती.

भाषण संपलं. वर्ग चिडीचूप झाला. संपतनं पुडी फोडली. नानांनी केवळ तुलनेपुरता म्हणून एक चिप्स खाल्ला. कुर्रम. मागच्या रांगेत हात वर झाले. तुलना नीट व्हावी म्हणून नानांनी आणखी चार खाल्ले.

मग परात पुढं आली. जोहराबीनं पदर मुठीत धरला. नानांनी बचकभर फुटाणे तोंडात टाकले, डोळे मिटले आणि जबडा हलवला. काहीच ऐकू आलं नाही. एकदा, दोनदा. बाहेर पागोळ्या गळत होत्या, त्या मात्र ऐकू येत होत्या. संपतनं दुसरी पुडी उघडून पोरांपुढं धरायची तयारी केली.

कटाक.

आवाज असा की मागच्या रांगेतली महेक दचकून म्हणाली, “चाची, आला. लई जोरात आला.”

सादळल्या फुटाण्याचा हा आवाज नव्हे, हे जोहराबीइतकं कुणाला ठाऊक? तीनदा चाळूनही एखादा न फुटलेला हरभरा राहिलाच, असं तिनं धरलं. आयुष्यभर ज्या दाण्याची लाज बाळगली, तोच आज तिच्या बाजूनं बोलला होता.

नाना ताठ झाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दोन्ही हात तोंडावर घेऊन ते हळूहळू वाकले, वाकत वाकत परातीला कपाळ टेकेपर्यंत गेले.

“नाना अन्नाला नमस्कार करतायत,” अश्विनीबाई भक्तिभावानं म्हणाल्या आणि फोटो काढला. टाळ्या पडल्या. नानांनी काही सांगायला हात वर केला, त्याला सगळ्यांनी होकार समजून आणखी टाळ्या वाजवल्या. संपत शब्दाचा पक्का. मान खाली घालून तो माळा उतरवायला गेला. बाईंनी पोरांना फुटाण्यासाठी रांगेत उभं केलं.

जोहराबीनं पदरानं डोळे पुसले. नानांनी तिला खुणेनं कोपऱ्यात बोलावलं. उपरणं तोंडावर धरून ते कुजबुजले, आणि आज पहिल्यांदाच त्यांच्या ‘स’मध्ये शिट्टी नव्हती.

“जोहराबी, तुमचं काम झालं समजा. फक्त पोरांनी हात घालायच्या आत परातीतला माझा बसवलेला दात तेवढा शोधून द्या.”