डावं फूल आधी पडेल का?

"विचार," अंबूआत्या म्हणाली. "एकदाच विचारायचं, आणि मोठ्यानं."

लीला देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभी होती, पण तिची नजर देवीच्या मुखाकडे नव्हती. ती फुलांकडे बघत होती. देवीच्या दोन्ही खांद्यांवर आत्यानं तगरीचं एकेक फूल चिकटवलं होतं; ओल्या गंधानं चिकटवायची रीत होती. उजवं आधी पडलं तर होय, डावं आधी पडलं तर नाही. हुबळी म्हैसूर राज्यात जाऊन दोन वर्षं झाली होती, पण जुन्या हुबळीतल्या या घरात राज्य कौलाचंच. कौल मिळाल्याशिवाय इथं दुकानाचा गाळासुद्धा घेतला नव्हता. आज कौल लीलाच्या कॉलेजचा होता. होय आलं तर जूनमध्ये धारवाड आणि गणित. नाही तर देशपांडे नगरातल्या वकिलांचं स्थळ. ते शुक्रवारी बघायला येणारच होते.

फुलं चिकटवायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा, म्हणजे आत्याचा. आणि लीलाचा आत्यावर काडीचा विश्वास नव्हता. तीन वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या बहिणीनं, मालूअक्कानं, असंच कॉलेजचं विचारलं होतं. डावं फूल पडलं आणि अक्का लग्न होऊन गदगला गेली. दुसऱ्या दिवशी देव्हारा पुसताना लीलाला दिसलं, देवीच्या उजव्या खांद्यावर गंधाचा जाड थर होता आणि डाव्यावर नुसतं बोट फिरवल्यागत. तिनं कुणाला सांगितलं नाही. मनात मात्र पक्कं धरून ठेवलं.

मग शाळेत गुरुराज मास्तरांनी एक दिवस फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: 'या फळ्यावर लिहिलेलं खोटं आहे.' खरं मानावं तर खोटं ठरतं, खोटं मानावं तर खरं. बाकीच्या मुली हसल्या आणि विसरल्या. लीला दोन दिवस धड जेवली नाही. हे वेड एकदा डोक्यात शिरलं की निघायचं नाव घेत नाही. भाकरी थापताना, वेणी घालताना ती तेच घोटत बसायची, आणि घोटून घोटून तिनं स्वतःचा एक प्रश्न तयार केला. त्याला होय म्हणायची सोय नव्हती, नाही म्हणायचीही नव्हती. आत्या हव्या त्या फुलाचं गंध पातळ करू दे, अप्पांसमोर तिची लबाडी उघडी पडणार. मग कौल बाजूला राहील आणि अप्पा स्वतःच्या डोक्यानं ठरवतील. अप्पांचं डोकं चांगलं होतं.

"आई अंबाबाई," लीलानं मोठ्यानं विचारलं, "आता डावं फूल आधी पडेल का?"

आत्याचा चेहरा पांढरा पडला. अप्पा, म्हणजे मुकुंदराव, पाटावर बसल्या बसल्या ताठ झाले. थोड्या वेळानं फूल पडलं. उजवं.

"उजवं म्हणजे होय," लीला भरभर बोलू लागली. "होय म्हणजे डावं आधी पडेल. पण पडलं उजवं. आणि डावं पडतं तर ते नाही झालं असतं, म्हणजे डावं आधी पडणार नाही, तेही खोटंच. अप्पा, देवी खोटं बोलेल का? ही फुलं देवी पाडत नाही. माणसाचा हात पाडतो."

तिला वाटलं, अप्पा आता आत्याकडे वळतील. ते तिच्याकडेच बघत राहिले.

"देवीला पेचात धरायला निघालीस?"

"तसं नाही अप्पा, मी..."

"साकु." पुरे. वाद संपवायचा झाला की मुकुंदराव कानडीत शिरत. ते उठले. "एका गोष्टीला वर्षात एकच कौल. तो तू फुकट घालवलास. होय मिळालं नाही, धारवाड नाही. शुक्रवारी पाहुणे येतील." चपला पायात सरकवून ते दुकानाला निघून गेले.

लीलाला रडू आवरेना. "झालं ना तुझ्या मनासारखं?" ती आत्यावर कडाडली.

आत्या देव्हाऱ्यापुढे बसली. तिनं देवीच्या उजव्या खांद्यावरून बोट फिरवलं आणि लीलापुढे धरलं. बोटाला गंध लागलंच नव्हतं.

"मालूच्या वेळी मी डाव्याचं गंध पातळ ठेवलं," ती म्हणाली. "ती माहेरी येते, पण माझ्याकडे बघत नाही. म्हणून आज उजव्याला नुसतं पाणी लावलं होतं. सरळ विचारायचं होतंस गं पोरी."