आठवड्याची दहा मिनिटं

एसीचं बटन दाबायची अमृतरावांची हिंमत होईना. गाडी नेरडीगोंड्याला हायवेच्या कडेला, भार्गव मेकॅनिकच्या गॅरेजात उभी होती. मे महिना, दुपारचा दीड वाजलेला. त्यांची बायको दमयंती पत्र्याखालच्या बाकड्यावर मांडीत बाळाची दुपटी घेऊन बसली होती. चार वाजता निर्मलच्या दवाखान्यातून लेकीला आणि नातवाला घरी आणायचं होतं.

नातू दिवस भरायच्या आधीच झालेला. लेकीनं, पूनमनं, चौतीस दिवस त्याला काचेच्या पेटीत बघत काढले होते. आता डॉक्टर सोडायला तयार झाले, पण गाडी बंद काचांची आणि थंड पाहिजे म्हणाले. नाही तर उन्हाळा सरेपर्यंत इथंच राहा. काल फोनवर पूनम एवढंच म्हणाली होती, "बाबा, आता इथं राहावत नाही."

अमृतराव कसे, ते सांगायलाच हवं. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. नवी छत्री भिजेल म्हणून पावसात जुनीच घेऊन जाणारा. गाडीला चार वर्षं झाली तरी सीटवरचं प्लास्टिक त्यांनी काढू दिलं नव्हतं. मग एसी तर लांबच राहिला. तो पेट्रोल पितो आणि वापरला की झिजतो, असं त्यांचं पक्कं मत.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नाला निघताना त्यांनी तो पहिल्यांदा मनापासून लावला, तर कॉम्प्रेसर जाम. भार्गवनं तो काढून नवरा-बायको दोघांसमोर ठेवला. फिरवून दाखवला, फिरेना.

"काका, हा झिजला नाही," भार्गव म्हणाला होता. "पडून पडून मेला. चालला तरच आतलं तेल फिरते. आता नवा बसवून देतो, पण थंडी असो का पाऊस, आठवड्यातून दहा मिनिटं एसी लावत जा."

अमृतरावांनी मान डोलावली. घरी जाताना दमयंतीला म्हणाले, "थंडीत एसी लावाले मी येडा हाय काय?" आणि वर्षभर त्यांनी त्या बटनाला बोट लावलं नाही. काल पूनमचा फोन ठेवला आणि त्यांना भार्गवचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. आपल्या चिकटपणापायी लेकरू अजून महिनाभर दवाखान्यात राहणार, हे त्यांना धडधडीत दिसत होतं.

"सरका," भार्गव म्हणाला. त्यानं खिडकीतून हात घालून गाडी सुरू केली आणि बटन दाबलं.

बॉनेटखाली टक् असा आवाज झाला. मिनिटभरात जाळीतून गार वारा आला. भार्गवनं नळ्या जोडून गॅस तपासला, टॉर्च मारून कॉम्प्रेसर सगळीकडून पाहिला. कुठं तेलाचा थेंब नाही, कुठं खरखर नाही.

"काका, तुमी माहं ऐकलं," तो खूश होऊन म्हणाला. "नाही तं लोक हो हो करतात अन् इसरून जातात."

अमृतरावांना हो म्हणून सुटता आलं असतं. पण नातू घरी यायच्या दिवशी खोटं बोलवेना.

"नाही रे बाबा. मी एकडावबी नाही लावला."

भार्गवनं बाकड्याकडे पाहिलं. "मंग काकूनं लावला असन. दिवाळीच्या आधी फोन आलता त्याहिचा. चाबी कुठवर फिरवाची, कोणतं बटन दाबाचं, सारं इचारून घेतलं."

दर गुरुवारी अमृतराव पेन्शनरांच्या बैठकीला जात, ते दुपारी परतत. गाडीतलं पेट्रोल हळूहळू कमी होतं हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. माप मारतात म्हणून त्यांनी तीन पंप बदलले होते.

"काऊन नाही सांगतलं मले?" त्यांनी विचारलं.

"सांगतलं असतं तं तुमी चाबी लपवली असती," दमयंती दुपटी सावरत उठली. "चला आता. पोरगी वाट पाहून राह्यली."

संध्याकाळी पाचच्या सुमाराला गाडी घाट चढत होती. बाहेर रस्ता नुसता भाजत होता. मागच्या सीटवर पूनम डोळे मिटून बसली होती, आणि तिच्या शेजारी दमयंतीच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. त्याच्या कपाळावर घामाचा टिपूससुद्धा नव्हता. अमृतराव आरशातून पुन्हा पुन्हा त्याच्याकडे बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"दमयंती, तुहे लई उपकार झाले. आज तू होती म्हणून लेकरू घरी चाललं."

बेचाळीस वर्षांच्या संसारात असं वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं. दमयंती खिडकीबाहेर बघू लागली. पूनमनं मात्र डोळे उघडले.

"पण आई, तुले तं स्कूटीचंबी भेव वाटते. तू एकटी गाडी कशी सुरू करत होती?"

"भेव तं वाटेच ना," दमयंती म्हणाली. "सुटून गेली असती मंग? म्हणून दर गुरुवारी पहिले बैलाच्या दाव्यानं गाडी अंगणातल्या लिंबाले बांधत होती, अन् मंगच चाबी फिरवत होती."