पस्तीस वर्षांचं दुकान

दुकानाला पस्तीस वर्षं झाली म्हणून केरबानं जुन्या मालकिणीला, श्यामलाबाईंना, गडहिंग्लजहून कोल्हापूरला मुद्दाम बोलावून घेतलं. नवऱ्याच्या, दत्तोपंतांच्या, गादीवर त्यांचाच जुना नोकर ऐसपैस बसलेला बघून बाईंनी तोंड फिरवलं. नऊ वर्षांपूर्वी, गांधीजींच्या खुनानंतर, जमावानं हे दुकान जाळलं. त्या धक्क्यानं दत्तोपंत गेले आणि जळकी जागा या केरबानं कवडीमोलानं घेतली. आता तोच लाऊडस्पीकरवर दुकानाचा इतिहास सांगत होता.

"मालक मला बापासारखं. आगीत समदं गेलं, पर म्या त्यांचं नाव जाऊ दिलं न्हाय!"

टाळ्या पडल्या. बाईंच्या हातात पेढा होता, पण तो तोंडात घालायचीही त्यांना शिसारी आली.

भाषण संपवून केरबा जवळ आला आणि कागदात गुंडाळलेली एक तसबीर त्यानं त्यांच्या मांडीवर ठेवली. दत्तोपंतांची होती, आगीआधी दुकानात गल्ल्यामागं टांगलेली असायची ती. बाईंकडे नवऱ्याचा एकही फोटो उरला नव्हता. इतकी वर्षं या माणसाचा तिरस्कार केला, याची त्यांना लाज वाटली. डोळ्यांना पदर लावत त्यांनी विचारलं, "एवढ्या आगीतनं कशी रे वाचवलीस?"

केरबा खाली वाकला आणि शाबासकीच्या आशेनं हळूच म्हणाला, "मालकांचं मीठ खाल्लंय, वैनीसाहेब. काडी लावायच्या आधी तसबीर तेवढी आठवणीनं भाईर काढली की."