साडेचार मिनिटांचा नाच

“नाच ठेवले आणि बोलणं कापलं?” साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळा आपल्या ऐकण्यातच काही चूक झाली, असं त्यांना वाटलं होतं.

“हो,” ती म्हणाली.

वाहिनीवर दर शनिवारी दुपारी चार वाजता हॉलिवूडचा एखादा जुना, कृष्णधवल, नाचगाण्यांचा सिनेमा लागायचा. सिनेमा दोन तासांचा, आणि जाहिराती वजा जाता हातात उरायची ऐंशी मिनिटं. वरची चाळीस उडवणं हे तिचं काम. नियम साहेबांचा होता आणि सोपा होता. नाच आला की उडवायचा, कारण नाचात गोष्ट पुढे सरकत नाही. अकरा वर्षं तिने तो मुकाट्याने पाळला. त्यापायी सगळं ऑफिस तिला पाठीमागे ‘कात्री’ म्हणायचं. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

मागच्या शनिवारी तिची सुट्टी होती, म्हणून तिने स्वतःच कापलेला सिनेमा घरी बसून पाहिला. शेजारी सासूबाई होत्या. पडद्यावरची मुलगी नायकाकडे पाठ फिरवून उभी होती, आणि पुढच्याच क्षणी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती.

“आत्ता तर त्याचं तोंड बघायला तयार नव्हती,” सासूबाई म्हणाल्या. “चंचलच दिसते मेली.”

कात्रीच्या डोक्यात तिडीक गेली. राग सासूबाईंचा नव्हता, स्वतःचा होता. ती मुलगी चंचल नव्हती. मधली साडेचार मिनिटं ती नाचली होती. आधी रागाने, मग हट्टाने, मग नाइलाजाने, आणि शेवटी आपणहून. ती साडेचार मिनिटं हिनेच उडवली होती. एका भल्या मुलीच्या नावाला आपण बट्टा लावला, याची तिला मनापासून लाज वाटली.

म्हणून या आठवड्याच्या सिनेमातल्या एकाही नाचाच्या केसाला तिने धक्का लावला नाही. हरवलेली बॅग उडवली. काकांचे उपदेश उडवले. गैरसमजाच्या तीन चिठ्ठ्यांपैकी दोन उडवल्या.

“आणि कबुलीचा सीन?” साहेबांच्या हातात सिनेमाच्या कथेचा कागद होता. “बागेतल्या बाकावरचा? ती त्याला सांगते ना, माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणून?”

“तो तर सगळ्यात आधी. सहा मिनिटं नुसती बडबड होती. एक शब्द ठेवला नाही.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या टेबलावर तिचा पुढच्या वर्षाचा करार पडला होता. त्यावर अजून सही व्हायची होती. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून घर तिच्याच पगारावर चालत होतं, आणि हे साहेबांनाही ठाऊक होतं.

“मग ती प्रेमात पडली हे लोकांना कळणार कसं? स्वप्न पडणार आहे?”

“पहिल्या नाचाच्या तिसऱ्या मिनिटाला कळतं.”

“मॅडम, चार वाजता हे लोकांसमोर जाणार आहे. मी आता बसून बघतो. जिथे गोष्ट तुटते तिथे लिहून ठेवतो. एक जरी जागा सापडली, तर सोमवारपासून येऊ नका.”

तरी तिने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

“बसा. पण पळवत बघायचं नाही. नाचसुद्धा.”

साहेब पेन सरसावून बसले. दहाव्या मिनिटाला त्यांनी मोठ्या समाधानाने पहिली ओळ लिहिली, ‘बॅगेचं काय झालं?’ मग पहिला नाच आला. हॉटेलचा रिकामा दिवाणखाना. मुलगी तरातरा चालली होती, आणि नायक तिच्या शेजारून, तिला न शिवता, तिच्याच पावलात पाऊल टाकत चालला होता. ती थांबली. त्याची खोड मोडायची म्हणून तिने टाचेने एक अवघड ठेका धरला. त्याने तो जसाच्या तसा परत केला. तिने आणखी अवघड धरला.

“मध्ये कुठे शॉट तोडलेला का नाही?” साहेबांनी विचारलं. “कॅमेरा नुसता लांब उभा आहे. दोघं अगदी बुटांपर्यंत दिसतायत.”

“खरंच घडतंय ते. तोडतील कशाला?”

त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मागे वळूनही न पाहता ती उलट पावलांनी चालत गेली. मागे पायऱ्या होत्या. त्या तिला ठाऊक होत्या, तरी तिने पाहिलं नाही. संगीत संपलं तेव्हा तिचा हात त्याच्या हातात होता. तिने तो सोडवून घ्यायला जरा उशीरच केला.

साहेबांनी पुढे वाकून कागदावरची बॅग खोडली. त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. शेवटच्या नाचात शिपायाने चहा आणून ठेवला होता, तो तसाच गार झाला. कात्री सिनेमा बघतच नव्हती. ती साहेबांचं पेन बघत होती.

साडेतीनला प्रक्षेपण विभागाचा फोन आला. “पाठवतोय,” साहेब म्हणाले. त्यांनी करार पुढे ओढला, सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. चेहरा मात्र फसवणूक झाल्यासारखा होता.

“उगाच घाबरवलंत मला,” ते म्हणाले. “कबुलीचा सीन तर आहे की. बाक तेवढा कुठे दिसला नाही.”