गाळलेलं पाणी

हुपरीतल्या घरी आदितीची आई नळाचं पाणीसुद्धा फडक्यातून गाळायची, चुकून एखादा जीव पोटात जाऊ नये म्हणून. तिच्या यकृतात काविळीचा विषाणू वीस वर्षं ठाण मांडून बसला होता. पण प्राण्याचा अंश असल्याची नुसती शंका आली, तरी ती औषध परत करायची. शेवटी आदितीनं प्रयोगशाळेत नऊ वर्षं घालवून आईला चालेल अशी, जडलेला आजारही हटवू शकेल अशी लस रचली. यंत्रात जोडलेले प्रथिनांचे बारीक तुकडे, शरीराला विषाणूच्या एकाऐवजी अनेक खुणा ओळखायला शिकवणारे. कोल्हापुरात माणसांवरची चाचणी सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी ती आईला घेऊन आली.

"आई, ह्यात कुठल्याच जिवाचा अंश नाही बघ."

"गुणाची माझी लेक!" म्हणत आईनं बाही वर सारली. नर्सनं कापूस फिरवला, तेवढ्यात आईनं सहज विचारलं, "आधी कुणाला टोचून बघितलीस गं?"

आदितीला आईशी खोटं बोलता यायचं नाही.

"उंदरांना."

"मग आता कुठं हायत ते?"

आदितीची मान खाली गेली. आईनं हळूच बाही खाली ओढली.

"पयलं मलाच टोचायचीस की गं पोरी. मी न्हाय म्हटलं असतं व्हय?"