उघडे लोखंड

हँडलवरचे दिव्याचे बटण ‘चालू’वर होते. विठ्ठलरावांनी ते दोनदा पाहिले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिले.

बाळकुमच्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, खांबाला टेकवलेल्या वाकड्या मोटारसायकलीपुढे ते पाट घेऊन बसले होते. मुलाच्या, मयूरच्या अपघातानंतर अकरा महिने ती पोलिसांच्या आवारात पडून होती. काल ताब्यात मिळाली, आणि आज चार वाजता भंगारवाला येणार होता. खोपटच्या एसटी आगारात तीस वर्षे बसगाड्यांची वायरिंग केलेल्या विठ्ठलरावांनी पत्नीकडे एका तासाची मुदत मागून घेतली होती.

विमलाबाई शेजारी उभ्या होत्या. मुलाचा फोटो त्यांनी अद्याप भिंतीवर लावू दिला नव्हता. गाडी अंधारात, दिव्याशिवाय आली, असे रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने सांगितले होते. रात्री दिवासुद्धा न लावता गाडी हाकणाऱ्याला या घरात हार पडणार नाही, असे विमलाबाईंनी तेराव्यालाच नातेवाइकांसमोर बजावले होते. त्यांच्यापुढे बोलण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

“अहो, साडेतीन झाले. तुमच्या हाताला घड्याळ कधी कळलेच नाही.”

विठ्ठलरावांनी बटणावर बोट ठेवून दाखवले. अकरा महिन्यांत त्याला शंभर जणांचे हात लागले असतील, असे विमलाबाई म्हणाल्या.

मग विठ्ठलरावांनी हेडलाइट उघडला. काच तडकली होती, बल्ब मात्र शाबूत होता. घरून आणलेल्या बॅटरीला जोडताच तो पेटला. त्यांनी तारांचा जुडगा ओढून एकेक तार बोटांनी चाचपली, आणि काळ्या तारेपाशी हात थांबला. तिचे आवरण वीतभर वितळले होते. आतले तांबे कोळशासारखे झाले होते.

“इकडे उजेड धर.”

विमलाबाईंनी मोबाइलचा उजेड पाडला.

ही अर्थिंगची तार, त्यांनी समजावले. दिव्यातली वीज हिच्यातून परत गाडीच्या सांगाड्यात जाते. ही जळली की दिवा जातो. इंजिन चालूच राहते.

“दिवा लावलाच नसता, तर ही तार तापलीच नसती, विमल. त्याने लावला होता. चालत्या गाडीत दिवा गेला.”

विमलाबाईंनी मोबाइल तारेजवळ नेला. त्यांनी विचारले, “मग जळली कशाने?”

ज्या स्क्रूने ती तार सांगाड्याला आवळली होती, तो विठ्ठलरावांनी सोडवला. खाली तांबडा रंग होता. जाड, गुळगुळीत, कुठेही ओरखडा नसलेला. आगारात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला त्यांनी पहिला धडा हाच दिला होता: आधी रंग खरवडा, उघडे लोखंड दिसू द्या, मगच स्क्रू आवळा, रंगातून वीज नीट जात नाही, रंगावर आवळलेली तार तापते आणि एक दिवस जळते. आणि हा रंग देऊन तार पुन्हा आवळली होती त्यांनीच. गेल्या खंडेनवमीला, याच खांबापाशी, गाडीच्या पूजेसाठी. मयूर त्यानंतर आठव्या दिवशी गेला.

“खरवडायचे माझ्याकडून राहिले,” ते म्हणाले.

विमलाबाई त्या तांबड्या रंगाकडे पाहत राहिल्या. पूजेच्या दिवशी रंग खरवडायचा पॉलिश पेपर विठ्ठलरावांच्या हातात होता. तो त्यांनी खाली ठेवला होता, उद्या पाहू म्हणून.

“राहिले नाही,” त्या म्हणाल्या. “आरतीचे ताट घेऊन मी इथे उभी होते. मुहूर्त टळतो आहे, आवरा, असे मीच म्हणाले.”

विठ्ठलरावांनी पिशवीतून पॉलिश पेपर काढला आणि स्क्रूच्या भोकाभोवती घासायला सुरुवात केली. तांबडी भुकटी त्यांच्या पायजम्यावर पडू लागली.

फाटकातून टेम्पो आत आला. भंगारवाला उतरला, आजोबा काय करत आहेत ते त्याने क्षणभर पाहिले, आणि गाडीला हात घालायला पुढे झाला.

विमलाबाई मध्ये उभ्या राहिल्या. मोबाइलचा उजेड त्यांनी भोकावर तसाच धरला होता.

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “त्यांचे होऊ द्या. काही घाई नाही.”