अवसाराचा मान

ग्रामदेवाचा अवसार अंगात घेण्याचा मान तीस वर्षं परशुरामकडे होता. आता गुडघे नाचू देत नव्हते. सकाळीच तो बायकोला, तुळसाला म्हणाला, "आज तूच इचार गो देवाक. माका आता सोडूक सांग."

देवळात तो घुमायला लागल्यावर तुळसाने नारळ पुढे ठेवला. "म्हाराजा, माझ्या घोवाक आता सोड."

"मगे हेच्या झिलाच्या अंगात येतलो देव," मानकरी म्हणाले. पणजीहून सुट्टीवर आलेला परशुरामचा मुलगा मंगेश मुकाट्याने शर्टाची बटणं काढू लागला.

ते बघून परशुराम घुमतच स्वतःच्या छातीवर हात मारत ओरडला, "नाय! मी ह्येका सोडूचंय नाय!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्या गावाने हात जोडले.

परशुरामच्या अंगात देव यायचा थांबला, त्याला चार वर्षं झाली होती.